दुधाची टाकी, पाण्याची गाडी

आमच्या वस्तीने पिण्याच्या पाण्यासाठी स्वतःची गाडी उभी करायची ठरवली तेव्हा सगळ्यांना वाटत होते, अवघड काम गाडीचे आहे. गाडी महिनाभरात मिळाली. टाकी मिळायला पाच महिने लागले. या पाच महिन्यांची हकीकत लिहून काढा, दुसऱ्या वस्त्यांना उपयोगी पडेल, असे आमच्या महिला मंडळाच्या भगिनींनी सांगितले. म्हणून हे लिहीत आहोत. लिहिणारे आम्ही चौघे आहोत. एक कंपनीत फिटर, एक शाळेत शिपाई, एक रिक्षा चालवतो आणि वर्गणीचा हिशेब ठेवणारी आमची एक बहीण. जिथे एकाचे मत आहे तिथे चौघांचे समजावे, कारण चौघांनी भांडून मगच लिहिले आहे.

आमची वस्ती औरंगाबादच्या, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कडेला आहे. वाळूजच्या कारखान्यांत आमची निम्मी माणसे कामाला जातात. शहराला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडीतून. त्या वर्षांत नळ असलेल्या घरांनाही ते रोज मिळत नव्हते, मधे बरेच दिवस जात. आमच्या गल्ल्यांत तर नळच नव्हता. टँकर येईल त्या दिवशी पाणी, नाहीतर शेजारच्या कॉलनीत हंडा घेऊन हात पसरायचे.

२०१९ च्या उन्हाळ्यात वस्तीत काविळीची साथ आली. मुले आजारी पडली, बरीही झाली. आमच्यातल्या एका घरची सून मात्र सात महिन्यांची गरोदर होती. ती गेली. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक प्रकार गरोदर बाईला फार घातक असतो, हे आम्हाला दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी नंतर समजावून सांगितले. वस्तीत पाणी घालणाऱ्या टँकरचे झाकण त्या दिवसांत आमच्या एका पोराने वर चढून उघडले. आत हात घातला तर बोटांना तपकिरी गाळ लागला, आणि गंजाचे पापुद्रे पाण्यावर तरंगत होते. झाकणाला रबर नव्हते, रस्त्यावरची धूळ आणि कावळ्यांची घाण सरळ आत. कावीळ त्याच टाकीतून आली असे आम्ही म्हणत नाही. तसे सिद्ध करणे आमच्या हातातले नव्हते. पण ते पाणी आम्ही पोरांना पाजत होतो एवढे तर डोळ्यांनी दिसले.

त्याच वर्षी गाडीचा ठराव झाला. मग २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे कोरोनाने खाल्ली. पुढे २०२३ चा पावसाळा मराठवाड्यात कोरडा गेला, आणि महिला मंडळाने जुना ठराव वहीतून बाहेर काढला. दर घरामागे महिन्याला ठरलेली रक्कम, कामावरून सुटी मिळालेल्या दिवशी ज्याला जमेल त्याने जास्त. भिशीसारखेच, फक्त नंबर कोणाचाच लागायचा नाही.

गाडी मिळाली ती जुनी ४०७. इंजिन बरे, बॉडी कुजलेली. इथे आधी एक हिशेब सांगतो, कारण पुष्कळ लोक इथेच फसतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ही गाडी दोन-अडीच टन माल सुखाने उचलते. म्हणजे तिच्यावर दोन हजार लिटर पाणी आणि टाकीचे स्वतःचे वजन, एवढेच. पाच हजार लिटरची टाकी बसवून अर्धी भरू, असा सल्ला देणारे चौकात भरपूर भेटले. अर्धी भरलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. ब्रेक मारला की पाणी पुढे धावते, वळणावर बाजूला धावते, आणि गाडीला घेऊन जाते. आमचा रिक्षावाला भाऊ म्हणाला, तीन सीटची रिक्षासुद्धा एका बाजूला बसलेल्या पाहुण्याने कलते, मग हे तर दोन टन पाणी.

दोन हजार लिटर ठरले. मग कशाची टाकी? तरुण पोरांचे म्हणणे, काळी प्लास्टिकची घ्या, स्वस्त आहे, घराघरांवर असतेच. ही टाकी घरावर उभी राहण्यासाठी केलेली असते. गाडीवर रोज हिंदकळणारे पाणी तिच्या बुडाला आणि नळाच्या जोडाला धक्के देते आणि तिथे ती चिरते. आमच्या फिटर भावाने तशा चिरलेल्या, मेणासारखे काहीतरी फासलेल्या दोन टाक्या दाखवल्या. लोखंडाची टाकी मजबूत, पण आत रंग लावावा लागतो, रंग सुटला की गंज धरतो, आणि गंज पाण्यातले क्लोरीन खाऊन टाकतो. वरून औषध टाकले तरी खालच्या नळाला ते पोचत नाही. २०१९ ला आम्ही जे पाहिले ते हेच.

म्हणून स्टील. पण स्टीलने कावीळ जात नाही, हे आम्ही सभेत दोनदा सांगितले आणि इथेही सांगतो. कावीळ अडते ती क्लोरीनने आणि बंद झाकणाने. स्टील एवढ्यासाठी हवे की ते आतून घासता येते, घाण दिसते, आणि घासल्यावर घाण राहिली की गेली तेही दिसते. ज्या भगिनी दुसऱ्यांच्या घरी आणि कँटीनमध्ये भांडी घासतात त्यांना हे पटवून द्यावे लागले नाही. पुरुषांनाच वेळ लागला.

नवी टाकी करून घ्यायची तर पैसे पुरत नव्हते. मग सुरू झाली भंगाराच्या बाजाराची वारी. दर रविवारी दोघे-दोघे जायचे. खिशात लोहचुंबक, टेप आणि टॉर्च. चुंबक कशाला? ज्या स्टीलची चांगली भांडी आणि दुधाच्या टाक्या करतात ते ३०४ नंबरचे. त्यात शेकडा १८ च्या आसपास क्रोमियम आणि ८ निकेल असते, आणि त्याला चुंबक चिकटत नाही, फार तर वाकवलेल्या कडेला किंचित ओढ लागते. चुंबक टक्कन चिकटला तर ते स्टील नाही, किंवा हलके स्टील आहे. पण चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ च, असेही नाही. २०२ नंबरच्या स्टीललाही तो चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त घातलेले असते, ते दिसायला तितकेच चकचकीत आणि गंजायला लवकर. त्यासाठी भंगारवाल्यांकडे एक बाटली असते. पत्र्यावर तिचा थेंब टाकून छोट्या बॅटरीचा करंट देतात. मँगनीजवाल्या स्टीलवर थेंब लाल होतो. आम्ही ही बाटली विकतच घेतली. विकणाऱ्याच्या बाटलीवर विकणाऱ्याचाच माल तपासायचा नसतो.

दुसऱ्याच महिन्यात एक टाकी सापडली, आणि तिने वस्तीत मोठे भांडण लावले. टाकी ३१६ ची. म्हणजे ३०४ पेक्षा वरचढ, तिच्यात मॉलिब्डेनम असते, क्षाराला आणि क्लोरीनला ती जास्त टिकते. माप बरोबर, जोड पक्के, आतून आरशासारखी. भाव निम्मा. निम्मा का, तर ती केमिकलच्या कारखान्यातून निघालेली. आत काय होते, विचारले. पहिल्यांदा उत्तर मिळाले, साबणाचे पाणी. दुसऱ्या रविवारी, अल्कोहोल. तिसऱ्यांदा म्हणाला, आहो, स्टील आहे, धुतले की झाले.

सभा रात्री अकरापर्यंत चालली. उन्हाळा तोंडावर आलेला, पैसे हाताशी, टाकी समोर. एका तरुणाने चांगला मुद्दा काढला. म्हणाला, २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेले. एप्रिलमध्ये पहिली गाडी गेली तेव्हा दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या काय पाण्यासाठी केलेल्या वाघिणी होत्या? त्या धुऊनच वापरल्या ना? खरी गोष्ट आहे. त्या वाघिणी राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने साफ केल्या, मग पाठवल्या. पण रेल्वेला आपल्या वाघिणीत आधी काय भरले होते ते कागदावर माहीत होते, आणि वाफ द्यायला कारखाना होता. आमच्याकडे वाफ नाही, कागद नाही, आणि तीन रविवारी तीन उत्तरे. स्टील काही शोषून घेत नाही हे खरे, पण टाकी म्हणजे नुसता पत्रा नसतो. रबर असते, व्हॉल्व्हचे पोट असते, जोडाची फट असते. तिथे जे बसते ते महिनोन् महिने थोडे थोडे सुटते, आणि ते जिभेला कळेलच असे नाही.

ज्या घरची सून गेली त्या घरचे सासरे शेवटी उठले. ते सभेत फारसे बोलत नाहीत. ते एवढेच म्हणाले, "आत काय होतं ते ज्याला सांगता येत नाही, त्याच्या टाकीतलं पाणी मी कोणाच्या पोरीला पाजणार नाही." मत घ्यायची गरजच पडली नाही.

तेव्हा ठरले, जिच्यात फक्त माणसाने पिण्याची वस्तू भरली होती अशीच टाकी घ्यायची. म्हणजे दुधाची.

दुधाचा मुलूख म्हणजे नगर जिल्हा, २०२४ पासूनचा अहिल्यानगर. तिकडे गावागावांतून दूध गोळा करणाऱ्या लहान गाड्यांवर स्टीलच्या टाक्या असतात, आणि गाडी मोडीत निघाली तरी टाकी शाबूत राहते. आम्ही एस.टी.ने गेलो, भाकऱ्या बांधून. पहिल्या खेपेला एक दूध थंड करायची टाकी दाखवली. दोन हजार लिटरचीच, ३०४ ची, स्वच्छ. मोह पडण्यासारखी होती. पण ती एका जागी चार पायांवर उभी राहण्यासाठी केलेली. आत आडपडदे नाहीत, पत्रा पातळ, आणि तळाला थंड करणाऱ्या गॅसच्या नळ्यांचा दुहेरी पत्रा. रस्त्यावर ती सहा महिन्यांत जोडांत फुटली असती. फिटर भावाने तिच्यावरून हात फिरवला आणि चहा प्यायला चला म्हणाला. बाहेर आल्यावर कारण सांगितले.

तिसऱ्या खेपेला कोपरगावच्या बाजूला एका गॅरेजच्या मागे हवी ती टाकी मिळाली. लंबगोल, वर एक माणूस उतरेल एवढे तोंड, मधे एक आडपडदा, खाली एका बाजूला उतार म्हणजे शेवटचा थेंबही बाहेर येतो. विकणारा म्हणाला, तीन हजार लिटर. आमच्याबरोबर हिशेबवाल्या बहिणीची दहावीतली मुलगी होती. तिने टेप धरायला लावला. रुंदी १.३ मीटर, उंची ०.९५, लांबी २.१. लंबगोलाचे क्षेत्रफळ काढायचे तर रुंदीला उंचीने गुणायचे आणि आलेल्या आकड्याला ०.७८५ ने गुणायचे, मग लांबीने. उत्तर आले २०३६ लिटर. तिने वहीचे पान त्याच्यासमोर धरले. तो हसला आणि भाव उतरवला. किती, ते इथे लिहीत नाही, कारण स्टीलचा भाव हलत असतो. एवढेच सांगतो की अशा टाकीचा भाव भंगाराच्या किलोच्या दरापासून मोजत वर जावे, नव्या टाकीच्या किमतीपासून खाली येऊ नये.

पैसे देण्याआधी टाकीत उतरली ती आमची कँटीनमध्ये भांडी घासणारी बहीण. झाकण आणि व्हॉल्व्ह दोन्ही तासभर उघडे ठेवले, पंख्याने हवा खेळवली, आणि दोघे तोंडाशी उभे राहिले. बंद टाकीत एकट्याने कधी उतरू नये, त्यात माणसे गुदमरतात. तिने आत टॉर्च फिरवला, जोडांवर नख ओढले, वास घेतला. बाहेर येऊन म्हणाली, "आंबट वास आहे, तो दुधाचा आहे, तो जाईल. पांढरा थर आहे, तोही जाईल. मागच्या जोडाला एक चीर आहे, ती बघा."

टाकी घरी आली. बाहेरचा पत्रा काढला तर आतला थंडाई राखणारा थर ओला झालेला. तो सगळा काढून टाकला. पाणी काही दुधासारखे नासत नाही, आणि ओला थर स्टीलला धरून राहिला तर ते बाहेरून कुजते. चीर आर्गन वेल्डिंगने भरली. वेल्डिंग आमच्याच माणसांनी केले, सुटीच्या दिवशी, मजुरी घेतली नाही. त्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळली. लोखंड घासलेली डिस्क किंवा तारेचा ब्रश स्टीलला लावला नाही. त्यातले लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि तिथेच गंजाचे ठिपके उठतात. लोक म्हणतात स्टील गंजले. गंजते ते रुतलेले लोखंड, आणि तिथून खड्डा सुरू होतो. गाडीची चेसी लोखंडाची, म्हणून टाकीखाली जाड रबर घातले.

पांढरा थर म्हणजे दुधातला खडा. आधी गरम पाण्यात कॉस्टिकने चिकटा काढला, धुतले, मग सायट्रिक अॅसिडने खडा काढला, परत धुतले. इथे घरच्या भगिनींसाठी एक सूचना. संडास-फरशी धुण्याचे अॅसिड स्टीलच्या टाकीला काय, भांड्यालाही लावू नये. त्याने बारीक खड्डे पडतात आणि ते भरून येत नाहीत. आणि कोणतेही अॅसिड ब्लीचिंग पावडरबरोबर कधी एकत्र करू नये. त्यातून निघणारा वायू जीव घेतो.

खरी चर्चा रंगली ती नळावर. टँकरला मागे एक मोठा व्हॉल्व्ह आणि त्याला एक जाड नळी, ही आम्ही पाहिलेली पद्धत. नळी टँकरवाल्याच्या हातात. तो देईल तसे पाणी. आम्हीही तसेच धरून चाललो होतो. आमच्या वस्तीतली एक आजी, ऐंशीच्या पुढची, गाडीपाशी काठी टेकून उभी होती. ती म्हणाली, नळी नको. का आजी? तिने सांगितले की लहानपणी त्यांच्या गावात विहिरीवर आपल्या लोकांनी चढायचे नसे. बायका खाली घागर ठेवून बसायच्या. वरच्यांपैकी कोणाला दया आली की तो वरून ओतायचा, अर्धे घागरीत, अर्धे डोक्यावर. "पाणी मिळायचं गं," ती म्हणाली, "पण मागावं लागायचं. नळी एकाच्या हातात दिली की परत मागणं आलं. मग तो आपला असला म्हणून काय झालं?"

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले हे आमच्या पोरांना पाठ आहे. भाषणात सांगतात. पण त्याचा आणि आपल्या गाडीच्या नळीचा काही संबंध आहे हे आजी बोलेपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्याच दिवशी ठरले. टाकीखाली दोन्ही बाजूंना आडवी स्टीलची पाइप, आणि प्रत्येक बाजूला तीन तोट्या, लहान मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. ज्याचे त्याने उघडायचे, ज्याचे त्याने बंद करायचे. मागचा मोठा व्हॉल्व्ह फक्त टाकी धुण्यासाठी, त्याला कुलूप. तोट्यांमुळे पाणी वाया जाईल असे काहींचे म्हणणे होते. थोडे जाते. नळीनेही जात होते.

आर.टी.ओ.त बॉडी बदलल्याची नोंद करून घेतली. त्यात किती फेऱ्या झाल्या ते ज्यांनी हे काम केले आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी केले नाही त्यांना आधीच घाबरवून काय उपयोग?

भरण्याआधी टाकीला एकदा जोरकस औषध द्यावे लागते. एका लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन हे प्रमाण. दोन हजार लिटरला १०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे चांगल्या ताज्या टी.सी.एल. पावडरीचे साधारण ३०० ग्रॅम, कारण तिच्यात एक तृतीयांशच क्लोरीन असते. पावडर बादलीत कालवून, निवळू देऊन, वरचे पाणी टाकीत ओतायचे. पावडरीचे कण तळाला बसू द्यायचे नाहीत, ते स्टीलला खातात. रात्रभर ठेवून सकाळी सगळे सोडून द्यायचे आणि स्वच्छ पाण्याने धुवायचे. एवढे कडक पाणी स्टीलमध्ये दिवसेंदिवस ठेवू नये. रोजच्या पाण्याला हजार लिटरला ५ ग्रॅम पावडर पुरते, तेही पाण्यात आधीचे क्लोरीन उरलेले नसेल तर. मग अर्धा तास थांबायचे. शेवटच्या तोटीच्या पाण्यात ओ.टी.चा थेंब टाकायचा. पिवळसर झाले की वाटप सुरू. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक असावे असे सरकारी मानक आहे. पावडरीचा डबा उघडा राहिला तर तिची ताकद उडते, म्हणून डबा आमच्या हिशेबवाल्या बहिणीकडे असतो. ती पैशाला जशी झाकण लावते तशीच त्याला लावते.

मे २०२४ मध्ये गाडी सुरू झाली. पालिकेच्या भरणा केंद्रावर पैसे भरून पाणी घ्यायचे आणि वस्तीत दोन खेपा. १४ जानेवारी २०२५ ला, नामविस्तार दिनी, ती विद्यापीठाच्या गेटजवळ उभी केली. सहा तोट्यांवर दिवसभर माणसे होती.

तिसऱ्या महिन्यात झाकणाचे रबर सैल पडले, ते बदलले. खाण्याच्या वस्तूंना चालणारे पांढरे रबर आणले, साध्या काळ्या रबराचा वास येतो. दर पंधरा दिवसांनी रविवारी टाकी घासायची पाळी असते, पाच घरांची एक. पुरुषांनी पाळी चुकवली तर दंड दुप्पट, हा नियम महिला मंडळाचा.

पेंटर आला तेव्हा टाकीवर काय लिहायचे यावर पुन्हा सभा. मंडळाचे नाव, वर्गणीदारांची नावे, देखणी अक्षरे, बरेच काही सुचले. भगिनींनी "पिण्याचे पाणी" एवढेच लिहायला लावले, आणि त्याखाली एक काळी चौकट रंगवून घेतली. तिच्यात खडूने शेवटची धुतल्याची तारीख लिहायची. ती तारीख कोणी लिहायची यावरून दर दुसऱ्या रविवारी पोरांची भांडणे होतात.